मिनिटाला किती शब्द?

वाचनाच्या वेगाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा आलेत, म्हणून पुन्हा उत्तरं.

प्रश्न : वय ४८. पेपर वाचायला हल्ली दुप्पट वेळ लागतो. मेंदू मंदावला का?

उत्तर : आधी डोळे तपासून घ्या. चाळिशी लागली असेल.

प्रश्न : वाचताना मनात शब्द उच्चारले जातात. सवय मोडू का?

उत्तर : नको. मजकूर अवघड असला की तो आवाजच अर्थ धरून ठेवतो.

प्रश्न : मुलगा सातवीत, फार अडखळत वाचतो. एक क्लास २१ दिवसांत मिनिटाला हजार शब्दांची हमी देतो. शेजारच्या मुलीला फरक पडला म्हणे. घालू का?

उत्तर : फी भरली नसेल तर थांबा. नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. दर थांब्याला साधारण पाव सेकंद टेकते आणि तेवढ्यात मोजकीच अक्षरं स्पष्ट दिसतात, म्हणून वेगाला मर्यादा येते. इंग्रजी मूकवाचनाच्या अनेक अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा झाला. माहितीपर मजकुरासाठी प्रौढांची सरासरी निघाली मिनिटाला २३८ शब्द. (मराठीला हा आकडा लावू नका. ‘घरासमोरच्यांनाही’ हा आपल्याकडे एकच शब्द!) मग हजार कुठून येतात? पानं चाळून. क्लासच्या चाचणीत पहिल्या दिवशी अवघड उतारा, शेवटच्या दिवशी सोपा, आणि प्रश्न असे की न वाचताही निम्मे बरोबर यावेत. शेवटची चाचणी तुम्ही नेलेल्या पुस्तकावर घ्या म्हणा, मग बघा.

पण मला काळजी वेगळीच आहे. सातवीपर्यंत अडखळणारा मुलगा आळशी नसतो. डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचण्यातली उपजत अडचण, असू शकतो. ‘मोठा झाला की येईल’ म्हणत किती वर्षं घालवलीत? डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. दहावीला सवलती मिळतात, पण प्रमाणपत्राशिवाय नाही, आणि ते दहावीच्या तोंडावर धावपळ करून मिळवायची गोष्ट नव्हे. याच आठवड्यात बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या.

प्रश्न : कादंबऱ्या भराभर वाचते, कथानक लक्षात राहतं, पण डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. यजमानांना सिनेमा दिसतो म्हणे. सावकाश वाचलं तर दिसेल?

उत्तर : काहींना दिसतं, काहींना कितीही रेंगाळलं तरी नाही. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. कुणाला ते लख्ख दिसलं, कुणाला मुळीच नाही. न दिसण्याला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेजिया’ नाव दिलं. हा आजार नव्हे. गोष्ट तुम्हाला कळतेय ना? मात्र पूर्वी दिसायचं आणि मार लागल्यावर किंवा आजारपणानंतर थांबलं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, ते कसं?

उत्तर : नाकाशेजारच्या फटीतून. ती बुजवून बघा.