ट्रान्सप्लांटआधीची केमो : ‘ते माझ्यावरच का चिडतात?’

राजापूर तालुक्यातल्या सुनंदाताईंच्या (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) यजमानांना मल्टिपल मायलोमा (हाडांतल्या मज्जेतल्या पेशींचा कर्करोग) झाला. कोल्हापुरात केमो चालू होती आणि पुढे मुंबईत स्वतःच्याच मूळ पेशींचं ट्रान्सप्लांट ठरलेलं. त्यांचा प्रश्न असा : “सगळं मी करते आणि बोलणीही मीच खाते. दोन घास खा म्हटलं की ताट सरकवतात. माझं काय चुकतंय?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडीदाराच्या तोंडी येतो. ‘तुमचं काही चुकत नाही’ असं म्हणून बोळवण करणं बरोबर नाही, कारण चिडण्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्यासारखं कारण असतं. ताईंच्या वहीत गोळ्या तारखेनिशी लिहिलेल्या होत्या. शेजारी भांडणांच्या तारखा लिहायला सांगितल्या. बहुतेक भांडणं मंगळवारची निघाली, आणि डेक्सामेथासोनच्या आठवड्याच्या गोळ्या ते सोमवारी रात्री जेवणानंतर घेत होते.

मायलोमात हे स्टेरॉइड मोठ्या डोसात देतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी झोप उडते, डोकं तापतं, रक्तातली साखर चढते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एकदम गळून जातो, कुणाशी बोलत नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या सकाळच्या न्याहारीबरोबर सुरू केल्या. यजमानांनाही हे समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “मला वाटलं, माझा स्वभावच बिघडला.” भांडणं संपली नाहीत, पण मंगळवारी पैशाचा किंवा जमिनीचा विषय काढायचा नाही, एवढं दोघांनी ठरवलं. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल, संशय वाढला असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस कमी करता येतो. गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

जेवणाचा आग्रह सोडा. भरलेलं ताट बघूनच मळमळतं. दर दोन तासांनी अर्धी वाटी गरम पेज, कुळथाची पिठी, मऊ भात किंवा नीट शिजवलेलं अंडं पुढे ठेवा आणि तिथून उठून जा. धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा द्या. विहिरीचं पाणी खळखळून उकळा. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या नारळाची सोलकढी, सकाळची उरलेली चटणी, कच्ची कोशिंबीर नको. ताजी मासळी पूर्ण शिजलेली असेल तर चालते.

जोडीदाराने खरा जीव लावायचा तो थर्मामीटरमध्ये. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अथवा ताप नसतानाही हुडहुडी, ही इमर्जन्सी आहे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. डेक्सामुळेही ताप लपतो, म्हणून माणूस नुसता गळाठलेला किंवा गोंधळलेला वाटला तरी थांबू नका. पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात दरड आली तर कोल्हापूर गाठता येणार नाही. जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल आधीच हेरून ठेवा आणि केमोच्या डॉक्टरांचं पत्र जवळ बाळगा : आजार, औषधं, शेवटच्या केमोची तारीख, आणि ‘शिरेतून पहिलं अँटिबायोटिक तासाभरात द्यावं’ ही सूचना. ताईंनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगलं.

गणपतीत मोठा पेच उभा राहिला. चाकरमानी येणार, घर भरणार, कुणाला सर्दी, कुणाला खोकला. ‘येऊ नका’ हे सुनेने म्हटलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. ते काम दिरांनी घेतलं : ज्याला शिंक-खोकला आहे त्याने खळ्यातूनच बोलायचं. यजमानांच्या खोलीत शेणाने सारवण बंद झालं, बुरशी धरलेल्या चटया बाहेर काढल्या. पंचामृत कच्च्या दुधाचं म्हणून ते फक्त कपाळाला लावलं. देवाचं काही चुकलं नाही, हे सासूबाईंना भटजींनीच सांगितलं, ते बरं झालं.

शेजारी झोपावं का, हे ताईंनी उठता उठता, खाली बघून विचारलं. झोपा, हात धरा. त्याने काही होत नाही. केमोनंतर 48 तास उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला, संबंध असेल तर निरोध वापरा.

पुढचा टप्पा ट्रान्सप्लांटसाठी मूळ पेशी गोळा करण्याचा. त्याआधी चार-पाच दिवस दिली जाणारी इंजेक्शनं 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायची असतात. ती फ्रीजरमध्ये किंवा थेट बर्फाला लावून ठेवली तर वाया जाऊ शकतात. त्या दिवसांत कंबर, छातीचं हाड ठणकतं. आजार वाढला म्हणून घाबरू नका. हाडांतली मज्जा (बोन मॅरो) पेशी बनवते आहे म्हणून हाडं दुखतात. आधी ताप मोजा, मग डॉक्टरांनी सांगितलेलं वेदनाशामक द्या. ट्रान्सप्लांटसाठी मेल्फालन हे केमोचं औषध देताना बर्फाचे तुकडे तोंडात धरले तर तोंड कमी येतं. वॉर्डात ते चालतं का, हे आधीच विचारून ठेवा. साधारण दोन ते तीन आठवडे दाखल राहावं लागतं. तेवढे सगळे दिवस एकटीने काढायचे नाहीत, म्हणून ताई आणि थोरल्या मुलाने पाळी आत्ताच वाटून घेतली आहे.