आठ लाख, भाच्याचा मित्र आणि २०३८

नमस्कार ताई,

रामबागेतून आलेलं तुमचं पत्र वाचलं. भाच्याच्या मित्राची विजयनगरात सातजणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, जुन्या कॉम्प्युटर यंत्रणांमधला २०३८चा तारखेचा दोष ती काढून देते, आणि निवृत्तीच्या २६ लाखांपैकी ८ लाखांचे शेअर्स घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घेऊ नका. मुलं थापा मारताहेत असं मात्र नाही.

दोष खरा आहे. बऱ्याच जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि त्या आकड्याला जागा ३२ बिटांचीच (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर). १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ती भरते. पुढच्याच सेकंदाला यंत्र डिसेंबर १९०१ मधली तारीख दाखवू शकतं. आज दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेपलीकडेच पडतो, म्हणजे गिऱ्हाईक आत्ताही आहे.

मला खटकतं ते धंद्याचं गणित. एकाचा दोष एकदा काढला की त्याच्याकडचं काम संपलं. नव्या यंत्रणा ६४ बिटांवर गेल्यात. ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीने २०२० मध्ये सोय करून दिली, तीही फुकट. उरतात ती अशी यंत्रं, ज्यांना आता कुणी वाली राहिलेला नाही. तिथलं काम किचकट, माणसं लावून करायचं. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखेच्या दोषाच्या वेळी आपल्या कंपन्यांना भरपूर कामं मिळाली, पण पुढे फळफळल्या त्या, ज्यांनी त्याच गिऱ्हाइकांकडून देखभालीची कामं मिळवली. म्हणून एवढंच विचारा: मागच्या वर्षीच्या किती गिऱ्हाइकांनी यंदा पुन्हा पैसे दिले? 'दोन वर्षांत तिप्पट' छापलेल्या त्यांच्या पत्रकात याचा उल्लेखही नसेल.

शिवाय प्रायव्हेट लिमिटेडचे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर घेणार कोण? बहुधा तेच, आणि ते म्हणतील त्या भावाने.

आणखी एक. चेक संचालकाच्या नावाने मागितलाय, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हे अजिबात चालणार नाही. पैसे तुमच्या खात्यातून कंपनीच्या स्वतंत्र बँक खात्यात जायला हवेत, आणि त्याआधी तुमच्या नावाचं पीएएस-४ हे प्रस्तावपत्र हाती यायला हवं. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर्स मिळाले नाहीत तर पैसे परत करणं कंपनीला बंधनकारक आहे. कंपनीचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून दिसतात. भाच्यालाच काढायला लावा. ते भरलेलेच नसतील तर पुढे बोलायला नको.

एवढं सगळं नीट निघालं आणि मन राहवेना, तर १ लाख द्या, गेले तरी झोप उडणार नाही असे. बाकीचे ७ पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १४,३५० रुपये येतील. भाचा रुसला तर माझं नाव सांगा, वाईटपणा घ्यायला मी आहे.