जुनं सागवानी कपाट घरी केलेल्या चॉक पेंटनं पांढरं करता येईल का? पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) किती घालायचं?

तुम्ही लिहिलंय की कपाट आजेसासूबाईंचं आहे, पॉलिश काळवंडलंय आणि वर पाण्याचे दोन पांढरट डाग आहेत. रंगवता येईल. पण डबा उघडायच्या आधी कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात घासून बघा. बोळा तपकिरी झाला आणि लाकूड चिकट लागलं, तर ते जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. ते स्पिरिटनं विरघळतं, म्हणून वरच्यावर दुरुस्तही होतं. चांगला पॉलिशवाला पाण्याचे असे डाग बहुतेक वेळा घालवू शकतो. खरं सांगायचं तर धड सागवानावर रंग चढवायला माझा हात धजत नाही. मी रंगवते ते आंब्याच्या लाकडाचं, ठिगळं लावलेलं किंवा आधीच कुणीतरी ऑइल पेंट फासलेलं सामान. पुण्याच्या जुन्या बाजारात असलं पुष्कळ मिळतं.

तरीही पांढरंच हवं असेल तर पुढचं वाचा.

चॉक पेंट हे नाव ॲनी स्लोन यांनी १९९० साली इंग्लंडमध्ये काढलेल्या रंगाचं. आपण घरी करतो ती त्याची नक्कल. आणि आपल्याला ती नवी नाही, कारण भिंतीला लावायचं सुकं डिस्टेंपर म्हणजे तरी काय, खडूची पूड, रंग आणि सरसच.

माझं प्रमाण असं: तीन वाट्या मॅट इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा, चमक नसलेला रंग), एक वाटी पीओपी, एक वाटी गार पाणी. पीओपी पाण्यात भुरभुरत टाका, गुठळ्या मोडा, ताकासारखं झालं की मग इमल्शनमध्ये ओता. पहिल्या वेळी मी कोरडी पूड थेट रंगात टाकली होती. स्टुलावर साबुदाणा चिकटवल्यासारखं दिसत होतं! पाणी कोमट नको आणि भांड्याला आधीचं वाळलेलं पीओपी नको, दोन्हींमुळे ते लवकर घट्ट होतं. लागेल तेवढंच कालवा, एका स्टुलाला रंगाचे दोन हात द्यायला एक वाटी पुरते. उरलेलं मोरीत ओतू नका, पीओपी पाण्याखालीसुद्धा दगड होतं.

हल्ली मी पीओपीऐवजी हार्डवेअरच्या दुकानातली चॉक पावडर घेते, लांबी (पुट्टी) करायला वापरतात तीच. ती आपोआप घट्ट होत नाही, त्यामुळे घाई नसते आणि रंग झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो. एक वाटी रंगाला अर्धी वाटी पूड, आधी थोड्या पाण्यात कालवून. शाळेचे खडू कुटून घालू नका, त्यांतल्या बऱ्याच खडूंमध्ये घट्ट झालेलं जिप्सम असतं आणि हात खरखरीत येतो. चुनाही नको, सागवान त्यानं काळं पडतं.

'घासायची गरज नाही' असं व्हिडिओत सांगतात, त्यावर विसंबू नका. साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढा, वाळू द्या, १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ साली आला, त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. पेपर ओला करून, मास्क लावून घासा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता पांढऱ्या रंगाची खरी पंचाईत. सागवानातला रंग पाण्याच्या पेंटमध्ये विरघळून वर येतो. माझा पांढरा स्टूल रात्री बघितला तर दुधासारखा होता, सकाळी चहा सांडल्यासारखे पिवळे डाग. आणखी तीन हात दिले, तरी डाग वर येतच राहिले. उपाय म्हणजे रंगाच्या आधी स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपड्याचे दोन हात द्यायचे. गडद निळा किंवा हिरवा रंग घेतलात तर एवढं जपावं लागत नाही.

रंग वाळल्यावर तो खडूसारखाच असतो, बोटाचा ठसासुद्धा धरतो. वर मेण हवंच. मधमाशीचं मेण किसून तिप्पट टर्पेंटाईनमध्ये रात्रभर झाकून ठेवा, सकाळी लोण्यासारखं होतं. गॅसवर वितळवायच्या फंदात पडू नका, टर्पेंटाईन पेट घेतं. सुती फडक्यानं पातळ लावा, जास्तीचं लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी घासून चमक आणा. मात्र हे मेण गरम भांड्याला टिकत नाही. जेवणाच्या टेबलाला मेणाऐवजी पाण्यात मिसळणारा मॅट वॉर्निश द्या. कपाटावर पहिले तीन आठवडे जड सामान ठेवू नका, रंग वरून कोरडा वाटला तरी आतून कच्चा असतो.

पावसाळ्यात हे काम काढू नका. आणि खणांच्या बाजू व दाराच्या आतल्या कडा रंगवायच्या नाहीत. जुलैत लाकूड फुगलं की रंगाचा तेवढा थरसुद्धा खण अडकवायला पुरतो. तिथं नुसती मेणबत्ती घासा.