रात्री दीड वाजता तेजसवरून भांडणाऱ्यांसाठी

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की ऑनलाइन अनोळखी लोकांशी कशावरून भांडता, तर बहुतेक पत्रं फायटर विमानं, मिसाइल आणि त्यावरून पेटणारं राजकारण यावरच आली. लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तेजसला, आपल्या देशी फायटर विमानाला, कुणी नावं ठेवली की मला राहवत नाही. परवा एकाने लिहिलं, ‘चाळीस वर्षं झाली, अजून विमान बनतंयच’. मी त्याला धडाधड लिंका दिल्या, त्याने नुसता हसणारा इमोजी टाकला आणि लाइक्स त्यालाच. अशा माणसाला गप्प कसं करायचं?

उत्तर : गप्प करता येत नाही, तो नाद आधी सोड. आणि खरं सांगू का, त्याची चाळीस वर्षं खोटी नाहीयेत रे. प्रकल्पाला मंजुरी १९८३ ची, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, आणि हवाई दलाची पहिली तेजस स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी), ४५ नंबरची, उभी राहिली १ जुलै २०१६ ला. हे तू स्वतःहून मान्य करून टाक, म्हणजे त्याच्या हातातला दगडच गेला, आणि मग त्याला एकच विचार की बाबा उशीर नेमका कुठे झाला?

इथे नव्वद टक्के भांडखोर ढेपाळतात (हा आकडा माझ्या मनाचा आहे, स्क्रीनशॉट काढून फिरवू नका). कारण मग इंजिनावर बोलावं लागतं. बेंगळुरूच्या जीटीआरई या सरकारी इंजिन प्रयोगशाळेत कावेरी इंजिन बनत होतं, ते ठरल्यापेक्षा जड झालं, थ्रस्ट म्हणजे ढकलण्याचा जोर कमी पडला, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळंच केलं, आणि विमान अमेरिकन जीईच्या एफ-४०४ वर उडत राहिलं. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए (तेजसची सुधारित आवृत्ती) विमानांचा करार झाला, २०२४ पासून ती मिळायला हवी होती, आणि त्यासाठी मागवलेल्या ९९ इंजिनांतलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये! आता यात विमान बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीचंही चुकलंच, पण इंजिनच नसेल तर सांगाडे उभे करून काय करायचं. आणि हे दुखणं आजचं नाही, १९६१ मध्ये उडालेलं आपलं मारुत आठव, विमान देखणं आणि इंजिन मात्र अशक्त, तेच रडगाणं.

राहिलं राजकारण. मंजुरी इंदिरा गांधींच्या काळातली, पहिलं उड्डाण आणि ‘तेजस’ हे नाव वाजपेयींच्या काळातलं, कावेरीची फारकत मनमोहन सिंगांच्या काळात, पहिली स्क्वॉड्रन मोदींच्या काळात. म्हणजे श्रेय घ्यायला सगळे आणि उशिरालाही सगळे. ‘तुमच्या पक्षाने तेजस मारलं’ असं लिहिणारा कुठल्याही बाजूचा असला तरी या चार तारखा त्याला पुरतात, त्याच्यासाठी नाही म्हणत मी, खाली जी न बोलणारी माणसं वाचत असतात ना त्यांच्यासाठी. ती लाइक पण करत नाहीत, पण वाचतात.

आणि एक, नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या एअर शोमध्ये तेजस पडलं, वैमानिक गेला, आणि तासाभरात लोक कारण सांगायला लागले, कुणी इंजिन, कुणी सॉफ्टवेअर, कुणी थेट घातपात. चौकशी बसलेली असताना मोबाइलवरचा व्हिडिओ बघून निकाल देणाऱ्याशी वाद घालायचाच नाही, तिथे तुझी डिग्री पण कामाची नाही.

प्रश्न : माझं म्हणणं साधं आहे. आपल्या एस-४०० या विमानं पाडणाऱ्या मिसाइल सिस्टिमची रेंज ४०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पंजाबात ठेवली की लाहोरच काय, इस्लामाबादवरूनही विमान उडणार नाही. समोरचा म्हणतो ‘आधी गणित शीक’. मी त्याला पाकिस्तानी म्हटलं, त्याने मला ब्लॉक केलं. बरोबर कोण?

उत्तर : उद्धट असेल, पण गणित त्याच्या बाजूने आहे. आणि त्याला पाकिस्तानी म्हणून तुम्ही मुद्द्यावरून गुद्द्यावर आलात हे वेगळंच.

बघा, पृथ्वी गोल आहे आणि रडार साधारण सरळ रेषेत बघतं. त्यामुळे लांबचं विमान जितकं खाली तितकं ते क्षितिजाआड. हिशोब कुणालाही करता येतो, अँटेनाची उंची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. अँटेना २५ मीटरवर धरू, त्याचं वर्गमूळ ५. विमान १०० मीटरवरून येतंय, वर्गमूळ १०. बेरीज १५, गुणिले ४.१२, झाले जेमतेम ६२ किलोमीटर. तेच विमान ९,००० मीटरवर असेल तर वर्गमूळ साधारण ९५, आणि उत्तर ४०० च्या थोडं पुढे जातं. मिसाइल तीच, रडार तेच, फरक फक्त समोरचा किती खालून येतोय याचा. मध्ये डोंगर असेल तर आणखी कमी, आणि वर आपलं अवॅक्स, म्हणजे रडार बसवलेलं विमान, उडत असेल आणि त्याची माहिती खाली पोचत असेल तर चित्र बरंच सुधारतं. शिवाय ४०० चा आकडा ४०एन६ या एकाच मिसाइलचा, त्याच सिस्टिममधल्या बाकीच्यांची रेंज २५० किंवा १२० अशी उतरत जाते.

म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी बेंगळुरूत जे सांगितलं ते या गणिताशी जुळतं. ऑपरेशन सिंदूरमध्ये पाडलेलं एक विमान साधारण ३०० किलोमीटरवर होतं आणि ते मोठं, टेहळणीच्या कामाचं होतं असं ते म्हणाले. अशी विमानं उंचावरून घिरट्या घालतात, झाडांच्या शेंड्यांवरून नाही. पाकिस्तानने हे नाकारलं, तेही नोंदवून ठेवतो.

रशियाबरोबर मिळून बनवलेल्या ब्रह्मोस मिसाइलची तर अजूनच गंमत आहे. वर्षानुवर्षं २९० किलोमीटर, २९० किलोमीटर असं चाललं होतं आणि लोक त्यावर एरोडायनॅमिक्स झाडत होते. एमटीसीआर नावाची व्यवस्था आहे, त्यातल्या देशांनी ५०० किलोचं ओझं ३०० किलोमीटर किंवा त्यापुढे नेणारी मिसाइल दुसऱ्याला द्यायची नाहीत असा संकेत, रशिया त्यात होता, आपण नव्हतो, म्हणून आकडा तीनशेच्या आत बसवला. जून २०१६ मध्ये आपण आत गेलो आणि मग रेंज वाढवायच्या चाचण्या सुरू झाल्या. म्हणजे तो आकडा परराष्ट्र खात्याच्या टेबलावरचा होता. त्यामुळे कुणी नुसता आकडा तोंडावर फेकला की विचारायचं, कुठलं व्हेरिएंट, किती उंचीवर, कशाविरुद्ध, आणि आकडा सांगितला कुणी. उत्तर नाही आलं तर जेवून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. अग्निवीर योजनेबद्दल शंका काढली की नातवाच्या वयाची मुलं मला देशद्रोही म्हणतात. राफेल उत्तम विमान आहे असं लिहिलं की दुसरी मंडळी भक्त म्हणतात. मी नक्की कोण?

उत्तर : गुरुजी, तुम्ही दोन्ही गटांच्या कामाचे नाही, एवढंच.

राफेलवरून तीन वेगवेगळी भांडणं आहेत आणि लोक ती एकत्र करून घालतात, वैताग त्याचा आहे. विमान कसं आहे हे एक. व्यवहार कसा झाला हे दुसरं, म्हणजे आधी १२६ विमानांची बोलणी होती, त्यातली १०८ एचएएलमध्ये बनायची होती, ते जाऊन सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ तयार विमानांचा करार का झाला. आणि किंमत हे तिसरं. कॅगने (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) फेब्रुवारी २०१९ मध्ये म्हटलं की आधीच्या प्रस्तावापेक्षा सौदा २.८६ टक्के स्वस्त पडला. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये याचिका फेटाळल्या, नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचारही फेटाळला, पण किमतींची तुलना करणं हे आमचं काम नाही असंही त्याच निकालात आहे, ते दोन्ही बाजू सोयीने विसरतात. आता विमान फर्मास आहे म्हणून प्रक्रिया आपोआप शुद्ध ठरत नाही, आणि प्रक्रियेवर शंका आहे म्हणून विमान भंगार होत नाही. तुम्ही कमेंटच्या पहिल्याच ओळीत लिहा की मी फक्त विमानाबद्दल बोलतोय. तरी कुणी बोफोर्स काढलं तर तो शिळ्या कढीला ऊत आणायलाच बसलाय, सोडा त्याला.

अग्निवीरचं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर चर्चा फारच वाईट होते. जून २०२२ मध्ये योजना आली, चार वर्षं सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन बाहेर, पेन्शन नाही. बाजूने बोलणारे म्हणतात सैन्य तरुण होईल, आणि पेन्शनचा बोजा उतरेल. तो बोजा खोटा नाही, २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण बजेटमध्ये जवळपास १.६० लाख कोटी पेन्शनलाच जातात आणि नवीन शस्त्रं वगैरेंसाठी भांडवली खर्च १.८० लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. विरोधात बोलणारे म्हणतात चार वर्षांत सैनिक पिकत नाही, पलटणीतला जिव्हाळा लागायला वेळ लागतो, आणि बाहेर पडलेल्या पोराने पुढे करायचं काय. माझं मत विचाराल तर २५ टक्क्यांचा आकडा कमी आहे, तो वाढायला हवा. पण दोन्ही बाजूंना सैन्याचं भलंच हवंय, यात देशद्रोह कुठून आला? सैन्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारीसुद्धा यावर उघडपणे दोन्हीकडून लिहितात. पुढच्या वेळी कुणी देशद्रोही म्हणालं तर त्याला पेन्शनचा आकडा विचारा. शिक्षकच आहात, तोंडी परीक्षा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी विमान पाडल्याचा रात्रीचा व्हिडिओ टाकला. मला तो गेम वाटतो. मोठ्यांना कसं सांगू?

उत्तर : बहुतेक गेमच असेल. ‘आर्मा ३’ नावाच्या गेममधले व्हिडिओ खरं युद्ध म्हणून इतक्या वेळा फिरलेत की तो बनवणाऱ्या कंपनीनेच २०२२ मध्ये ओळखायच्या खुणा सांगितल्या होत्या, चित्र धूसर, कॅमेरा उगाच हलणारा, बहुधा रात्र, आवाज नाही, माणसं फारशी हलताना दिसत नाहीत. मे २०२५ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना हाच माल खपला. मामांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, सगळ्यांसमोर कुणीच माघार घेत नाही. फोन कर, म्हण ‘मामा, हे गेमचं दिसतंय, आत्याने पुढे पाठवायच्या आत काढून टाका’. काढतात.

प्रश्न : माझा भाऊ सैन्यात आहे. वादात लोक इतकं चुकीचं लिहितात की वाटतं ‘माझा भाऊ तिथेच आहे, तो असं सांगतो’ म्हणून एका वाक्यात विषय संपवावा. त्यात काय वाईट?

उत्तर : ताई, नका. अजिबात नका. तुमचा फोटो, गाव, भावाची पलटण आणि ‘तिथेच आहे’ हे चारही तुकडे कुणीतरी शांतपणे जोडत बसलेला असू शकतो, आणि तो तुमच्याशी भांडणारा नसतोच, ‘ताई तुमचं बरोबर आहे, अजून सांगा ना’ म्हणणारा असतो.

या खाजेपायी काय होतं याचं नामी उदाहरण ‘वॉर थंडर’ या गेमच्या खेळाडूंचं आहे. २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्यावरून वाद चालला होता, गेममधलं मॉडेल चुकलंय हे सिद्ध करायला एका बहाद्दराने चक्क खऱ्या रणगाड्याच्या मॅन्युअलची गोपनीय पानं टाकली. त्याच वर्षी फ्रान्सच्या लक्लेर्क रणगाड्याचं तेच झालं. हेर नाही, पैसा नाही, फक्त समोरच्याला ‘बघ, मी म्हणत होतो ना’ म्हणायचं होतं. आणि २०१८ मध्ये स्ट्रावा या पळण्याच्या अ‍ॅपच्या नकाशावर तर सैनिकांनी नुसतं जॉगिंग करून परदेशातल्या तळांचे आराखडे उमटवले होते, एक शब्दही न लिहिता.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका अशी सूचना काढली, त्यात चॅनेलवाल्यांबरोबर सोशल मीडिया वापरणारेही होते, म्हणजे आपण सगळे. रेल्वेतून रणगाडे जाताना दिसले तरी रील काढायचं नाही. भावाबद्दल अभिमान आहे तर पंधरा ऑगस्टला जुना फोटो टाका, बॅज आणि पाटी झाकून. वादात चुकीचं लिहिणाऱ्याला चुकीचं लिहू दे, त्याने शत्रूचीच दिशाभूल होते.

प्रश्न : ऑपरेशन सिंदूरमध्ये विमानं सहा पाडली की पाच पाडली? एकदा काय ते सांगून टाका, ऑफिसात पैज आहे.

उत्तर : पैज मोडा. सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान ३१ मे २०२५ ला सिंगापुरात बोलले, आपलं नुकसान झाल्याचं मान्य केलं, आपली सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानी दावा साफ चुकीचा म्हटलं, पण स्वतः आकडा दिला नाही, का पडली हे महत्त्वाचं असं म्हणाले. पुढे हवाई दलप्रमुखांनी पाकिस्तानची पाच फायटर आणि ते एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं, तिकडून नकार आला. यापलीकडे जो कुणी ‘आतली बातमी’ म्हणून सांगतो त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

भांडायचंच असेल तर याच्यावर भांडा की हवाई दलाच्या मंजूर स्क्वॉड्रन ४२ आहेत, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. त्याच महिन्यात आणखी ९७ तेजसचा करार झाला, ऑक्टोबरात नाशिकच्या कारखान्यातलं पहिलं मार्क-१ए उडालं, पण स्क्वॉड्रन भरायच्या कधी आणि तोवर काय करायचं यावर मला अजून एकही धड भांडण सापडलं नाही. कुणाला सापडलं तर लिंक पाठवा, मी येतो.