जुगारापायी पैसा आणि नाव दोन्ही घालवलं. आता धंदा सुरू केला तर बाजार जुनं विसरतो का?

विसरत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तुम्ही लिहिलंय की वय अठ्ठावीस, चेक बाऊन्सची एक केस अंगावर, भावाने बोलणं टाकलंय आणि पॅकिंगच्या लायनीत काहीतरी करायचा विचार आहे. मी त्याच लायनीत आहे, म्हणून लिहायला बसलो. इंदूरला सांवेर रोडवर माझं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं युनिट आहे, चौदा माणसं आहेत. यशस्वी वगैरे म्हणवत नाही, पण पगार सात तारखेला होतात.

घर रामबागेतलं. कॉलेज अर्धवट सोडून सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारात, एका शेठकडे वसुलीला लागलो. दिवसभर किराणा दुकानांतून पैसे गोळा करायचे, संध्याकाळी गादीवर मोजून द्यायचे. 2008 ला आयपीएल सुरू झालं आणि माझाही सीझन सुरू झाला. आधी शंभर-दोनशे लावायचो, मग एका खाईवालाकडे, म्हणजे सट्टा घेणाऱ्याकडे, आकडे लिहायला बसू लागलो. एकदा धाड पडली, रात्र ठाण्यात काढली, दंड भरून सुटलो. तेही निभावलं असतं. पण त्याच दिवसांत मी शेठच्या वसुलीतले पैसे एका मॅचवर लावले, ते भरून काढायला पुढच्या मॅचवर, आणि मग त्यापुढच्या. एकूण 1,80,000.

शेठने चोरीची तक्रार केली नाही, चेक लिहून घेतले. ते परत गेले.

चेक बाऊन्सची केस ज्या कलमाखाली होते त्या कलम 138 बद्दल लोकांना अर्धवट माहिती असते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की समोरच्याला 30 दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ती तुमच्या हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले तर केस उभीच राहत नाही. मी ती नोटीस घरी अंथरुणाखाली सरकवून ठेवली होती! शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. माझी केस लोक अदालतीत मिटली: महिना 5,000, छत्तीस हप्ते. तुमची चालू असेल तर वकिलाला तडजोडीचं आजच विचारा.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्याच गादीवर जायचो. शेठ पैसे दोनदा मोजायचे, सगळ्यांसमोर, मुद्दाम सावकाश. चहाचं कधी विचारलं नाही. मुनीमजी वहीत लिहायचे आणि मी उलट्या बाजूने वाचायचो.

हप्त्याचे पैसे यायचे जुन्या खोक्यांतून. मला उधार कोणी देत नव्हतं, म्हणून रोखीत सुरू होऊन रोखीत संपेल असाच धंदा हवा होता. सियागंजात माल उतरला की रिकामे खोके ढिगाने पडतात. सकाळी ते विकत घ्यायचे, फाटके बाजूला काढायचे, चांगल्यांचे जोड सोडवून उलटे करायचे म्हणजे कोरी बाजू बाहेर येते, आणि संध्याकाळपर्यंत भांडीवाल्यांना, हार्डवेअरवाल्यांना विकायचे. दिवसाचे तीनशे-चारशे सुटायचे. दोन वर्षं बोटांची सालं निघालेली होती.

नवा माल बनवायचा म्हटलं तेव्हा कागदाच्या व्यापाऱ्याने सरळ माझ्या जुन्या शेठलाच विचारलं. शेठ म्हणाले, "पैसा खाया था. लौटाया भी. दोनों बही में लिखा है." तेवढ्यावर मला सात दिवसांची उधारी मिळाली. शेठने माफ केलं असं मला आजही वाटत नाही.

बँकेचं वेगळं. क्रेडिट कार्डाचं मी कमी पैशात सेटलमेंट केलं होतं आणि खूश होतो. क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागतं आणि मॅनेजर तेवढं वाचून फाइल मिटतो. उरलेली रक्कम भरून ते 'क्लोज्ड' करून घ्या, एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, जपून ठेवा. मी ते केलं, बरीच वाट पाहिली, तेव्हा कुठे मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेच्या किशोर गटातून कर्ज मिळालं आणि जुनं स्टिचिंग मशीन घेतलं.

आपल्या लायनीतली एक गोष्ट. कागद किती जीएसएमचा आहे, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरतो, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. 120 सांगून 100 लावणारे पुष्कळ आहेत. ज्याचं नाव स्वच्छ आहे त्याचं तेही खपून जातं, आपलं खपणार नाही. मी रिळावरून दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापतो आणि सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर गिऱ्हाइकासमोर ठेवतो. 120 चा कागद असेल तर 1.2 ग्रॅम भरतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, पहिल्याच महिन्यात करा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 1 एप्रिल 2024 पासून मुदत चुकवणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही. मोठ्या पार्ट्यांच्या अकाउंटंटला हे बरोबर माहीत असतं, आठवण करून दिली की पुरतं.

आणि केस लपवू नका. मी एका मोठ्या पार्टीपासून लपवली, दुसऱ्या खोकेवाल्याने जाऊन सांगितली, ऑर्डर गेली. आता पहिल्या भेटीत मीच सांगतो. दहातले दोन-तीन उठून जातात.

सवय सुटली का, असं विचारलंत तर एप्रिल आला की हात शिवशिवतो. म्हणून फर्मच्या खात्याला दोन सह्या लागतात, माझी आणि बायकोची. वसुलीला मी जात नाही, पुतण्या जातो.

आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची वर्गणी शाळेत असल्यापासून मी गोळा करायचो. धाड पडली त्या वर्षी पावती पुस्तक काढून घेतलं. मंडळाचा एक रुपयाही मी खाल्ला नव्हता. यंदा मी 11,000 दिले. पावती अकरावीतल्या एका पोराने फाडून दिली, "काका, नाव काय लिहू?" म्हणाला.