स्कॅनर बिघडलेला नाही, ड्रायव्हर तपासा: ट्वेन, डब्ल्यूआयए आणि आयसिस

तुमची अडचण मला कळली ती अशी. गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासासाठी सगळी जुनी कागदपत्रं स्कॅन करायची म्हणून तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला, फीडरवाला (गठ्ठ्यातली पानं आपोआप आत ओढणारा) स्कॅनर आणलात. जुन्या कॉम्प्युटरवर तो दिसतो, पण नावाच्या आधी 'डब्ल्यूआयए' असं लागतं आणि कोरी पानं गाळायचा किंवा तिरकं पान सरळ करायचा पर्याय कुठेच नाही. नव्या कॉम्प्युटरवर कंपनीचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ते मशीन चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, कंपनीच्या प्रोग्रॅममधून स्कॅनही होतं, पण तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत स्कॅनरचं नावच येत नाही. दुकानदार म्हणतो, मशीन गेलं. कृपा करून एवढ्यात दुसरं घेऊ नका.

केबल जोडली म्हणजे स्कॅनर आणि सॉफ्टवेअर यांना एकमेकांचं बोलणं कळतं असं नाही. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअरला प्रत्येक स्कॅनरसाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागायचा. दहा सॉफ्टवेअर आणि दहा स्कॅनर म्हटले की शंभर जोड्या. त्यावर तोडगा म्हणून काही कंपन्यांनी मिळून १९९२ मध्ये ट्वेन हे सगळ्यांसाठी एकच मानक आणलं. यात तीन भाग असतात: तुमचं सॉफ्टवेअर, मधला व्यवस्थापक आणि स्कॅनर कंपनीने लिहिलेला ड्रायव्हर. स्कॅनचं बटण दाबल्यावर बहुतेक वेळा जी सेटिंग्जची खिडकी उघडते ती सॉफ्टवेअरची नसते, त्या ड्रायव्हरची असते. म्हणूनच त्या मशीनच्या खास सोयी तिथे सापडतात.

डब्ल्यूआयए ही मायक्रोसॉफ्टची विंडोजमधलीच स्कॅनिंगची सोय, सन २००० पासूनची. साधा फ्लॅटबेड (काचेवर एकेक पान ठेवायचा स्कॅनर) असेल, महिन्याला पाच-दहा पानं असतील तर तेवढी पुरते. गंमत अशी की विंडोज डब्ल्यूआयएचा स्कॅनर ट्वेनच्या यादीतही दाखवतं, नावाआधी 'डब्ल्यूआयए' लावून. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर हेच झालंय. ते खरं ट्वेन नाही, मधला दुभाषा आहे आणि त्याला ठरावीक गोष्टीच बोलता येतात. कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ट्वेन ड्रायव्हर उतरवून टाका. मग यादीत दोन नावं दिसतील. 'डब्ल्यूआयए' नसलेलं निवडा.

नव्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी आहे आणि माणसं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर ३२-बिट (जुना) आणि ६४-बिट (नवा) अशा दोन प्रकारचे असतात, आणि ६४-बिट सॉफ्टवेअर ३२-बिट ट्वेन ड्रायव्हर उघडू शकत नाही. एररही येत नाही, नाव नुसतं गायब असतं. मी फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात मिळकतींच्या फाइली स्कॅन करायचो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एका सकाळी स्कॅनर नाहीसा. विक्रेत्याने सरळ नव्या मशीनचं कोटेशन पाठवलं. आम्ही तीन दिवस केबली बदलत बसलो. शेवटी त्याच सॉफ्टवेअरची ३२-बिट आवृत्ती टाकली आणि मशीन पुढे कित्येक वर्षं चाललं. तुम्ही टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'प्लॅटफॉर्म' हा रकाना चालू करा, सॉफ्टवेअर किती बिटचं ते लगेच कळेल. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'ट्वेन_३२' आणि 'ट्वेन_६४' असे फोल्डर असतात. तुमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर कोणत्यात बसलाय ते पाहा. दोन्हीकडे एकच आकडा हवा. खात्री करायला नॅप्स२ हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात ट्वेन की डब्ल्यूआयए हे आपण स्वतः निवडू शकतो.

आयसिसबद्दल विचारलंत. ते मोठ्या मशीनसाठीचं, खासगी मालकीचं आणि परवान्यावर चालणारं मानक आहे. बँका, विमा कंपन्या, जिथे दिवसाला हजारो पानं जातात तिथलं. सॉफ्टवेअरलाही आयसिस यावं लागतं, तुमच्याला येत नसेल तर तो विषय सोडून द्या. 'ट्वेन हळू असतं' असं सर्रास ऐकाल, ते मला अर्धवट वाटतं. ए-४ रंगीत पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवलं तर सुमारे २६ एमबी होतं. तेच निव्वळ काळं-पांढरं घेतलं तर जेमतेम १ एमबी. ट्वेनमध्ये पान अखंड पाठवता येतं, तसं पट्ट्यापट्ट्यांनी, दाबूनही पाठवता येतं. सॉफ्टवेअरने पहिली पद्धत धरली की फीडर थांबत थांबत चालतो आणि बोल मानकाला लागतो. टाइप केलेल्या पत्रांना रंग कशाला? काळं-पांढरं ठेवा. शिक्के आणि सह्या असलेल्या करारनाम्यांना मात्र रंग हवाच.

लिनक्सवर हेच काम सेन नावाची सोय करते. नेटवर्कवरच्या नव्या स्कॅनरना तर ईएससीएल या नेटवर्कवरून स्कॅन करायच्या पद्धतीमुळे पुष्कळदा वेगळा ड्रायव्हरच लागत नाही, पण तुमचं मशीन यूएसबीचं आहे, तेव्हा त्यात आत्ता शिरू नका.

एक कळकळीची विनंती. चाळीच्या जुन्या भाडेपावत्या पातळ कागदाच्या असतात, टाचणीच्या गंजाने कडा कुरतडलेल्या. अशी एक पावती फीडरमध्ये फाटताना मी पाहिली आहे आणि भाडेकरूकडे तिची दुसरी प्रत नव्हती. तो गठ्ठा वेगळा काढा आणि फ्लॅटबेडवर एकेक करून घ्या, वेळ लागला तरी चालेल. मॉडेलचा नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती इथे लिहिलीत तर नेमका कोणता ड्रायव्हर घ्यायचा ते शोधून सांगतो.