वाचकांचे प्रश्न: डबल चाकांच्या पिकअपचं पंक्चर

मागच्या एक्सलवर प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं असलेल्या पिकअपबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. ही दोन चाकं एकाच हबवर (एक्सलच्या टोकाचा, चाक बसतं तो भाग), एकाच स्टडवर (हबमधले, नट बसतात ते बोल्ट) दाबून धरलेली जोडी असते. एकाची हवा गेली की भार दुसऱ्यावर जातो आणि एक काढायला गेलं की दुसऱ्याचीही पकड सुटते.

प्रश्न: आतला टायर बसलाय हे बाहेरून कसं ओळखायचं? टॉमी (लोखंडी कांब) मारून आवाज ऐकला तर चालतं का?

पूर्ण रिकामा टायर आवाजावरून कळेल. पण ६५ पीएसआयच्या जागी ४५ उरले असतील तर कुणाच्याही कानाला ते कळणार नाही, आणि नुकसान नेमकं त्याच टप्प्यात होतं. आतला टायर डोळ्यांना बसलेला दिसत नाही, कारण बाहेरच्या टायरने एक्सल वर उचलून धरलेला असतो. बाहेरचा टायर जमिनीजवळ नेहमीपेक्षा जास्त फुगलेला दिसला तर आतल्यावर संशय घ्यावा.

खात्री फक्त गेजने होते. लांब दांड्याचं, पुढे-मागे दोन्हीकडे तोंड असलेलं गेज घ्या. साधं गेज आतल्या वॉल्व्हपर्यंत पोचत नाही. हवा टायर थंड असताना मोजा. आतल्या वॉल्व्हला लवचीक नळीचं एक्स्टेन्शन लावलं असेल तर त्याचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. टायर शाबूत असताना हवा तिथूनच जात राहते आणि लोक टायर खोलून पंक्चर शोधत बसतात.

प्रश्न: चारपैकी एकच टायर गेला. उरलेल्या तिनांवर वीस-तीस किलोमीटर गेलं तर काय बिघडतं?

टायरच्या बाजूवर भाराचे दोन आकडे असतात. एलटी २३५/८० आर १७ या मापाच्या टायरवर १२०/११७ असे सांकेतिक क्रमांक लिहिलेले असतात. पहिला आकडा टायर एकटा असतानाचा, म्हणजे १४०० किलो. दुसरा जोडीतला, म्हणजे १२८५ किलो. जोडी मिळून २५७० किलो उचलते. एक टायर गेला की त्या बाजूला १४०० किलोचीच ताकद उरते. भरलेल्या गाडीत त्या बाजूवर दोन टनांहून जास्त भार असू शकतो, म्हणजे उरलेला टायर फुटायच्या वाटेवर असतो.

शिवाय बसलेला टायर तसाच दुमडत फिरत राहतो, शेजारच्याला घासतो आणि तापतो. अशा टायरने पेट घेतल्याचे प्रकार होतात. गाडी रिकामी असेल तर अगदी हळू चालवत रस्त्याकडेच्या सपाट, कडक जागेपर्यंत न्या, त्यापुढे नको. माल भरलेला असेल तर शक्य तेवढा उतरवल्याशिवाय तेवढंही चालवू नका.

टायर काढल्यावरची एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. सांगितलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर जो टायर धावला, म्हणजे ६५ पीएसआयच्या टायरमध्ये ५२ किंवा कमी, त्यात नुसती हवा भरून तो परत चढवू नये. बाजूच्या भिंतीतल्या तारा वाकून वाकून आतून तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरताना भिंत चेन उघडावी तशी सरळ फाटते. डिस्कवरून (चाकाच्या लोखंडी भागावरून) उतरवून आतून तपासल्यावरच, आणि तीही टायर लोखंडी संरक्षक पिंजऱ्यात ठेवून, हवा भरावी. भरणाऱ्याने लांब नळी वापरून टायरच्या बाजूच्या भिंतीसमोरून दूर उभं राहावं.

प्रश्न: आतल्या टायरचं पंक्चर असेल तर चाक बदलण्याची नेमकी पद्धत सांगा. पुस्तिकेत फक्त चित्रं आहेत.

आधी गाडी अडवा. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, एवढ्यावर भरवसा नको. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे (एक्सलच्या मधला, दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी फिरू देणारा गिअरचा भाग) ते एका दिशेने आणि जमिनीवरचं दुसरं उलट दिशेने फिरू शकतं. त्यामुळे गिअर किंवा प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा) काम करणारा हँडब्रेक गाडी धरून ठेवेलच असं नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट बसवा. उतारावर हे काम करूच नका.

चाकाची डिस्क तुकड्यांची, लॉक रिंगवाली असेल तर नटाला पाना लावण्याआधी दोन्ही टायरांचे वॉल्व्ह पिन काढून हवा पूर्ण सोडा. आतल्या डिस्कची रिंग बिघडलेली असेल तर तिला नटांच्या दाबानेच जागेवर धरलेलं असतं. नट सुटले की ती उडते. एकसंध डिस्कला, टायर तुटका-फाटका किंवा बसल्यावर धावलेला नसेल तर, हे करायची गरज नाही.

झाकण असेल तर ते काढा. हबच्या मधोमध छोट्या बोल्टांचं एक वर्तुळ दिसेल. ते एक्सल शाफ्टचे बोल्ट आहेत, चाकाचे नाहीत. ते उघडले तर एक्सलचं तेल बाहेर येईल. चाकाचे नट त्याच्या बाहेरच्या वर्तुळावर, बाहेरच्या डिस्कच्या खोल बशीत असतात, म्हणून पान्याला गाडीबरोबर आलेला लांब दांडा जोडावा लागतो. टायर जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, त्याहून जास्त नाही.

जॅक एक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ लावा. पुस्तिकेत जागा दाखवली असेल तर तीच. डिफरेन्शियलच्या फुगीर भागाखाली लावू नका: एक्सल डोलतो आणि मागचं पत्र्याचं झाकण चेपतं. भरलेल्या गाडीला तीन टनांखालचा जॅक पुरत नाही. जमीन मऊ असेल तर जॅकखाली साधारण एक फूट लांब-रुंद जाड फळी टाका. उचलताना एक हिशेब आधीच करा: बसलेला टायर जमिनीपासून सुटला म्हणजे उंची पुरे झाली असं नसतं. हवा भरलेली स्टेपनी त्याहून उंच आहे, तिच्याखाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतील इतकं उचला. जॅक स्टँड असेल तर एक्सलखाली द्या. गाडीखाली अंग घालू नका.

नट काढून स्वच्छ कापडावर ठेवा. बाहेरचं चाक ओढून काढा, मग आतलं. टायरसकट चाक ३५ किलोच्या आसपास भरतं. कमरेने उचलू नका, टायरखाली टॉमी घालून तिच्यावर तोलत सरकवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. हबचा चेहरा, आतल्या डिस्कच्या दोन्ही बाजू, बाहेरच्या डिस्कची टेकणारी बाजू आणि नट बसतात ती जागा तारेच्या ब्रशने घासून कोरडी करा. गंज, चिखल, रंगाचे पापुद्रे काहीही राहू देऊ नका. या जागी ग्रीस लावू नका. दोन डिस्क आणि हब एकमेकांवर दाबून बसतात आणि त्या घर्षणावरच चाकाची पकड असते. मध्ये चिखलाचा पातळ थर राहिला तर काही किलोमीटरमध्ये तो चुरगळतो आणि तेवढा नट ढिला पडतो.

स्टेपनी आत चढवताना डिस्कचा फुगीर भाग बाहेरच्या बाजूला हवा. बाहेरचं चाक त्याच्या उलट, फुगीर भाग आत. म्हणजे दोन्ही डिस्क फुगीर भागाने एकमेकांना टेकतात. बाहेरचं चाक लावताना त्याच्या डिस्कमधली मोठी भोकं (नटांची नव्हेत) आतल्या डिस्कच्या तशाच भोकांसमोर आणा आणि दोन्ही वॉल्व्ह एकमेकांच्या बरोबर विरुद्ध ठेवा. हे चुकलं तर आतल्या टायरमध्ये हवा भरायला पुन्हा बाहेरचं चाक काढावं लागेल. नट कसण्याआधी गेज वॉल्व्हवर लावून बघा.

नट आधी हाताने फिरवा. मग वरचा, त्याच्या समोरचा खालचा, उजवा, डावा आणि उरलेले चार तसेच समोरासमोर, या क्रमाने हलकेच आवळा. चाक जमिनीला टेकेल इतकाच जॅक उतरवा आणि त्याच क्रमाने तीन टप्प्यांत कसा. या वर्गातल्या पिकअपच्या १४ मिलिमीटर स्टडला साधारण १९० ते २२५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे कसण्याचा जोर, लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. २२ मिलिमीटर स्टडच्या मोठ्या ट्रकचा आकडा याच्या तिप्पट असतो, तो इथे वापरू नका. नटाला फिरती वायसर जोडलेली असेल तर नट आणि वायसर यांच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा. स्टडच्या आट्यांना मात्र पुस्तिकेने सांगितलं तरच तेल. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

प्रश्न: जॅक नसेल तर आतलं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायचं, म्हणजे बाहेरचं आपोआप अधांतरी राहतं. ही युक्ती वापरावी का?

तुमच्या गाडीला कुठले नट आहेत त्यावर हे अवलंबून आहे. एकाच नटाने दोन्ही चाकं धरली असतील, आणि आजच्या बहुतेक पिकअपमध्ये तसंच असतं, तर वापरू नये. बाहेरचं चाक काढण्यासाठी नट काढले की आतलं चाकही सैल होतं, आणि गाडीचं वजन नेमकं त्याच सैल चाकावर असतं. जुन्या पद्धतीत आतल्या चाकाला वेगळे टोपी-नट असतात आणि बाहेरच्या चाकाचे नट त्यांच्यावर बसतात. तिथे आतलं चाक घट्ट राहतं, म्हणून ही युक्ती चालते. ठोकळ्याचा एक उपयोग मात्र दोन्ही प्रकारांत होतो: टायर इतका बसलाय की जॅक एक्सलखाली शिरत नाही, तेव्हा शाबूत टायर फळीवर चढवून जागा करून घ्यावी.

टोपी-नटवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बाहेरचा नट कसल्याने आतला कसला जात नाही. आतला तपासायचा तर बाहेरचा सैल करा, आतला कसा, मग बाहेरचा परत कसा. हे सगळे नट एकदम सैल न करता एकेक घेऊन करायचं.

प्रश्न: डावीकडचा नट पाइप लावूनही सुटला नाही, शेवटी स्टड तुटला.

स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं आहे का ते बघा. टोपी-नटांच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात आणि नट घड्याळाच्या दिशेने सुटतो. तसे असतील तर तुम्ही तो सैल करण्याऐवजी आवळत होतात. तुटलेल्या स्टडच्या दोन्ही शेजारचे स्टडही बदलून घ्या. त्यांच्यावर जास्तीचा ताण येऊन गेलेला असतो.

प्रश्न: नट निघाले, पण चाक हबला चिकटून बसलंय.

गंजाने धरलं आहे. दोन नट समोरासमोर तीन-चार आटे ठेवून परत लावा, म्हणजे चाक सुटलं तरी पडणार नाही. मग टायरच्या बाजूवर, लाकडी ठोकळा मध्ये धरून, जड हातोडा मारा. थोडं फिरवून पुन्हा. डिस्कवर किंवा स्टडवर मारू नका. नाहीच सुटलं तर ते दोन नट तसेच ठेवून जॅक हळूच उतरवा. गाडीच्या वजनाने बहुतेक वेळा गंज तुटतो. नट सैल ठेवून गाडी पुढे-मागे चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, स्टडचे आटे त्याने जातात.

प्रश्न: टॉर्क पान्याने बरोबर कसले, तरी आठवड्यात नट सैल निघाले. पाना बिघडलाय का?

पाना बहुधा ठीक असेल. प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या गाडीत हब-डिस्क आणि डिस्क-नट असे दोन सांधे बसतात, इथे तीन. प्रत्येक सांध्यातला रंग आणि गंज दबून थोडा थोडा खाली बसतो, म्हणून डबल चाकांचे नट बदलानंतर ८० ते १६० किलोमीटरच्या आत परत कसावेच लागतात. त्यानंतरही सैल निघत असतील तर चाक उतरवून डिस्कची नटांची भोकं बघा. ती लांबट झाली असतील किंवा नटाभोवती गंजाच्या रेघा ओघळल्या असतील तर ती डिस्क बाद करा.

प्रश्न: पंक्चर न निघणारा टायर टाकून एकच नवा घेतला तर जुन्याच्या जोडीला चालेल?

व्यासातला फरक ६ मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. व्यास मोजणं अवघड जातं, म्हणून दोन्हींना हवा भरून टेपने घेर मोजा; घेरातला फरक १९ मिलिमीटरपर्यंत ठीक. जास्त असेल तर मोठा टायर सगळा भार घेतो आणि छोटा जमिनीवर घसटत राहतो, कारण एकाच हबवर दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मर्यादेत फरक असेल तेव्हा मोठा टायर बाहेर लावा: रस्ता मध्ये उंच असतो आणि भाराने एक्सल किंचित वाकतो, त्यामुळे आतल्या टायरवर आधीच थोडा जास्त भार येत असतो. आणि जोडी जमत नसेल तर नवा टायर स्टेपनीला टाका, स्टेपनीतला घासलेला टायर खाली घ्या, पण त्याचाही घेर मोजून.